पेरीन गेदाँ आणि काठीची ओळ

पेरीन गेदाँकडं एका वेळी नऊ कुत्री असायची, आणि ती नऊच्या नऊ आमच्या गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा शहाणी होती. चेष्टा करत नाही मी. गावातली माणसं दारू पिऊन आपल्याच घराची वाट चुकायची, पेरीनची कुत्री कधी चुकली नाहीत. पाठीवर दहा-दहा रत्तल मीठ घेऊन यायची, पावसातून, काट्यांतून, शिपायांच्या नाकाखालून.

पेरीन माझ्या आईच्या वयाची. मी लग्न होऊन ला ब्रोसिएरला आले तेव्हा तिचं घर आमच्या घराला लागूनच होतं, मधे फक्त तिचा खुराडा. पहिल्याच दिवशी तिनं कुंपणावरून मला एक लहानशी पिशवी दिली आणि म्हणाली, "सूनबाई, हे घे. सरकारी मिठानं संसार सुरू करू नकोस. महाग पडतं आणि कडू लागतं." सासूबाईंनी पिशवी शालीखाली घेतली आणि मला डोळ्यांनीच गप्प केलं. अशी आमची ओळख.

आता मिठाचं सांगायला हवं. माझ्या नाती मीठ चिमटीनं घेऊन सांडतात, त्यांना काही वाटत नाही. आमचं गाव फ्रान्सातल्या मेन प्रांताच्या अगदी काठावर. खाली ओढा, पाच हात रुंद. ओढ्यापलीकडं ब्रतान्य, दुसरा प्रांत. पलीकडच्या लोकांच्या खापरपणजोबांनी राजाच्या राज्यात येताना मिठावर कर न लावण्याचा करार करून घेतला होता म्हणे. आमच्या खापरपणजोबांना तेव्हा काही सुचलं नाही. म्हणून पलीकडं अर्ध्या सूला, म्हणजे तांब्याच्या अर्ध्या नाण्याला, रत्तल मीठ, आणि अलीकडं बारा सू. ओढा तोच, पाऊस तोच, डुकरं तीच.

महाग आहे म्हणून घ्यायचं नाही, अशीही सोय नव्हती. आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागं वर्षाला सात रत्तल मीठ सरकारी कोठारातून घ्यायलाच लागायचं. आणि तेही फक्त हंडीत आणि ताटात घालायला. डुक्कर खारवायचं असेल तर त्याचं मीठ वेगळं घ्यायचं, त्याचा कागद वेगळा. हंडीचं मीठ डुकराला लावलं की गुन्हा. मिठाचे शिपाई घरात शिरायचे, खारवणाच्या पिंपात हात घालायचे, एखादा तर बोट चाटून बघायचा. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "चाट बाबा, चाट. तुझ्या आईनं काही चाटवलं नसेल."

तर या अशा गावात पेरीनचं पोट मिठावर चालायचं. नवरा तापानं गेला तेव्हा मागं दोन कुत्री, एक मुलगा आणि छपराला तीन भोकं ठेवून गेला. तिनं भोकं बुजवली आणि कुत्री वाढवली.

तिची रीत अशी. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की ती स्वतःच्या छातीवर एक जुना चामड्याचा पट्टा आडवा चढवायची. त्यावर तिनं चुन्यानं राजाची फुलं काढली होती, मिठाच्या शिपायांच्या पट्ट्यावर असतात तशी. डोक्याला टोपी घालायची, आणि केरसुणी घेऊन पिल्लाला अंगणभर पळवायची, चांगले दोन-चार फटके द्यायची. मग घरामागं जाऊन पट्टा आणि टोपी काढायची, आणि मागच्या दारानं येऊन त्याच पिल्लाला मांडीवर घेऊन दुधात भिजवलेलं धिरडं भरवायची. महिनाभर हेच. पिल्लाला मारणारी आणि भरवणारी बाई एकच आहे हे कधी कळलं नाही. पट्टा तेवढा लक्षात राहायचा.

मी एकदा म्हटलं, "पेरीन मावशी, पाप लागेल तुला."

ती म्हणाली, "राजा नेमका असाच वागतो आमच्याशी, आणि त्याला तर पाद्रीबाबा तेल लावून मुकुट घालतात."

मोठी झाली की कुत्री पलीकडं न्यायची, तिच्या आतेभावाच्या गोठ्यात. एक दिवस उपाशी ठेवायची. तिन्हीसांजेला पाठीवर मिठाच्या पिशव्या बांधायच्या आणि सोडून द्यायची. कुत्रं घराकडं पळणारच. पट्टा दिसला की कुंपणात घुसायचं, पट्टा गेला की पुन्हा वाटेला लागायचं. पेरीन सहा सूला रत्तल विकायची, सरकारच्या निम्म्या भावात. आमच्या गावात तिच्या मिठाशिवाय खारवलेलं डुक्कर नव्हतं. पाद्रीबाबांचं सुद्धा.

तिचा मुलगा तुसाँ. उंच, बोलायला कमी, हसला तरी एका बाजूनं हसायचा. आईचा धंदा त्याला आवडायचा नाही, तो शेतावर मजुरीला जायचा. सतराशे शहाऐंशीच्या शरदात तीन कुत्री एकदम लंगडी झाली, आणि डुकरं कापायचे दिवस तोंडावर आले. लोक पेरीनच्या दाराशी येऊन विचारायला लागले. तेव्हा तुसाँ म्हणाला, "एवढी एक खेप मी आणतो." तो गेला, पाठीवर वीस रत्तल घेऊन ओढ्याच्या अलीकडं उडी मारून उतरला, आणि झुडपातून मिठाचा शिपाई फेराँ दोन सोबत्यांसह बाहेर आला.

तुसाँच्या हातात काठी होती. आमच्याकडं सगळ्यांच्याच हातात असते. शेताशेतांत पुरुषभर उंच बांध, बांधावर कुंपण, मधूनमधून ओढे, आणि वर्षातले आठ महिने चिखल. म्हणून माणसाच्या दीडपट लांब काठी लागते, खाली लोखंडी टोक. टेकवायची आणि उडी मारायची. काठीशिवाय आमचा माणूस म्हणजे दारात बांधलेली गाय.

पण मिठाच्या न्यायालयात साहेबांनी लोखंडी टोक बघितलं आणि म्हणाले, शस्त्र. नुसत्या मिठासाठी दंड झाला असता, गाव वर्गणी काढून भरू शकलं असतं. शस्त्र हातात असलं की नऊ वर्षं. खांद्यावर तापल्या लोखंडाचा डाग, आणि ब्रेस्टच्या बंदरात साखळीला बांधून बेगार. तुसाँ तेव्हा बावीस वर्षांचा होता.

पेरीन रडली असेल, पण मी बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की दुसऱ्या दिवशी तिनं घरातली दुसरी काठी घेतली, लोखंडी टोक दगडानं ठोकून काढलं, आणि ते टोक खिशात घालून ती महिनाभर फिरत होती. जो भेटेल त्याला दाखवायची. "हे बघ. यानं काय मरेल? बेडूक तरी मरेल का?"

पुढची दोन-तीन वर्षं कशी गेली ते आता सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं बोलतात. आम्हाला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. माझा नवरा ब्लेझ विणकर होता, जवसाच्या धाग्याचं कापड विणायचा. कापड घेणारा व्यापारी म्हणायला लागला, इंग्रजांचं कापड स्वस्त येतंय, तुमचं कोण घेणार. माग थंड पडले. अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत देशभर गारपीट झाली. आमच्याकडं गारा थोड्या पडल्या, पण धान्याचा भाव सगळीकडं सारखाच चढला. मग असा हिवाळा आला की सफरचंदाची दारू पिंपात गोठली आणि पिंपं फुटली. भाकरीचा भाव एवढा झाला की विणकराची दिवसभराची मजुरी एका पावात जायची.

आणि राजा म्हणे कंगाल झाला होता. ब्लेझनं बाजारात ऐकलं ते तो मला सांगायचा. "अमेरिकेत कुणाची तरी इंग्रजांशी लढाई होती, आपल्या राजानं तिला पैसे पुरवले. आता कर्जाचं व्याज द्यायला पैसे नाहीत."

"मग सरदारांकडून घे म्हणावं."

"ते कर देत नाहीत."

"मग बिशपकडून."

"तेही देत नाहीत."

"मग राहिलं कोण?"

"आपण," ब्लेझ म्हणाला. "म्हणून तर तो आपल्याला पत्र लिहितोय."

खरंच पत्र आलं. पाद्रीबाबांनी वेदीपुढं वाचून दाखवलं. राजाला आपल्या प्रजेची गाऱ्हाणी ऐकायची आहेत, गावागावानं ती वहीत लिहून पाठवावी. हजार वर्षांत आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर काय बोलावं हे सुचेना. मागून पेरीन हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगोदर कळवलं असतं तर मोठी वही आणली असती."

मार्चमधल्या एका रविवारी घंटा वाजवून सभा बोलावली. देवळाच्या पुढच्या ओसरीत टेबल मांडलं. आमच्या सरदाराचा न्यायाधीश घोड्यावरून आला, मखमली टोपी, बरोबर दौत आणि कागद. पंचवीस वर्षांवरच्या आणि कर भरणाऱ्या लोकांनाच बोलायचा हक्क होता. आम्ही बायका बाहेर थडग्यांमधे उभ्या राहून ऐकत होतो. पेरीन मात्र सरळ आत गेली आणि बाकावर बसली.

"पेरीन, तुझं इथं काय काम?" कुणीतरी म्हणालं.

"माझ्या घराची चूल माझ्या नावावर आहे. कर घ्यायला येतात तेव्हा कुणी म्हणत नाही, पेरीन तुझं काय काम."

न्यायाधीशसाहेबांनी यादी बघितली. नाव होतं. बसू दिलं.

साहेब घाईत होते. त्या दिवशी त्यांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी शहरातून एक तयार मसुदा आणला होता, तो ते वाचायला लागले आणि आमची माणसं टोप्या हातात धरून माना डोलवायला लागली. मोठे मोठे शब्द होते. राजाची कृपा, राज्याची दुरवस्था, करांची विषम वाटणी. मग आलं, द्राक्षमळ्यांवरचा आणि वाइनवरचा कर असह्य झाला आहे. माना डोलल्या.

"साहेब," पेरीन म्हणाली, "आमच्याकडं द्राक्षाचा एक वेल दाखवा."

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"सफरचंद आहे, पेअर आहे, चेस्टनट आहे. द्राक्षाचा वेल फक्त देवळाच्या काचेवर रंगवलाय. आणि हे सगळे म्हणतात असह्य झालंय."

बाहेर आम्ही बायका तोंडाला शाल लावून हसत होतो. आतले गडीही मग खाली बघून हसले. साहेबांनी द्राक्षांवर रेघ मारली. ती रेघ मारली आणि लोकांची जीभ सुटली, कारण त्यांना कळलं की कागदावर रेघ मारता येते. ब्लेझ उठला आणि म्हणाला, सरदारांची कबुतरं पेरलेलं बी टिपून नेतात आणि आम्हाला त्यांना हुसकावायलाही बंदी आहे, हे लिहा. साहेब सरदाराचेच नोकर, त्यांनी खाकरून लिहिलं, बारीक अक्षरात लिहिलं. दुसऱ्यानं गिरणीचं सांगितलं, सरदाराच्याच गिरणीत दळायला लागतं आणि गिरणीवाला सोळाव्या भागाच्या नावाखाली दहावा काढतो. गिरणीवाला तिथंच बसला होता. तो म्हणाला, "तुमचं धान्यच ओलं असतं, वजन मग कुठनं येणार." त्यावर अर्धा तास गेला.

मग मीठ. मसुद्यात होतं, मिठाचा भाव थोडा उतरावा.

"उतरावा नको," पेरीन म्हणाली. "कर जावा. मुळासकट."

मागच्या बाकावर फेराँ बसला होता. तोही आमच्याच गावचा, कर भरणारा, त्याला कोण अडवणार. तो मोठ्यानं म्हणाला, "पेरीनकाकू, शुद्धीवर आहेस का? मीठ मोकळं झालं तर आधी तू उपाशी मरशील आणि मग मी."

"तू आधी मर," पेरीन म्हणाली. "मीठ स्वस्त झालेलं असेल, तुला चांगला खारवते."

देवळाच्या ओसरीत एवढं हसू मी पुन्हा कधी ऐकलं नाही. पण फेराँ बोलला ते खोटं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. नऊ कुत्र्यांचा धंदा ती आपल्या हातानं मोडत होती. साहेबांनी लिहिलं, मिठाचा कर रद्द व्हावा. आणि वही मिटायला घेतली.

"अजून एक आहे," पेरीन म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "काठीचं लिहा."

"कसल्या काठीचं?"

तिनं सांगितलं. तुसाँचं नाव घेऊन सांगितलं. साहेबांनी हात वर केला. "बाई, ही राजाकडं जाणारी वही आहे. तुझ्या मुलाचा माफीचा अर्ज नाही. हातात शस्त्र होतं, न्यायालयानं शिक्षा दिली. गावाला यात ओढू नकोस. चोरट्यांची बाजू घेणारं गाव म्हणून नाव जाईल."

ज्यांच्या घरी पेरीनचं मीठ होतं ते सगळे आपल्या लाकडी बुटांकडं बघत होते. आणि तिचं मीठ नसलेलं घर गावात एकही नव्हतं. माझा ब्लेझही बुटांकडंच बघत होता. बाहेर थडग्याशी उभं राहून मला त्याची मान दिसत होती, आणि ती मान मला त्या दिवशी मुळीच आवडली नाही.

पेरीन उठली, ओसरीच्या कडेशी आली, आणि बाहेरच्या भिंतीकडं बोट दाखवलं. "साहेब, जरा इकडं येता? मला मोजता येत नाही, तुम्हीच मोजा. इथं किती शस्त्रं टेकवलीत?"

मार्चचा चिखल होता. सभेला आलेल्या प्रत्येकानं आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. साहेब आले. बघितलं. सतरा काठ्या, सतरा लोखंडी टोकं.

"एवढं हत्यारबंद गाव," पेरीन म्हणाली, "आणि तुम्ही एकटे आलात घोड्यावरून. धाडस आहे तुमचं."

साहेबांचा ओठ हलला, पण हसले नाहीत. त्यांनी एका काठीकडं बोट केलं, तिला वर पितळी कडं होतं, सरकारी. "ही कुणाची?"

मग सगळे एकदम मागच्या बाकाकडं वळले. फेराँ लाल झाला. "चिखल होता साहेब," तो म्हणाला. "ओढा ओलांडून आलो. बिनकाठीचं कसं येणार?"

तेव्हा पाद्रीबाबा उठले. म्हातारे होते, गुडघ्यांनी अधू. ते म्हणाले, "साहेब, मरणाऱ्याच्या कपाळाला शेवटचं तेल लावायला जातो तेव्हा मीही अशाच काठीनं बांध ओलांडतो. माझी काठी आत, पूजेच्या शेल्यांच्या कपाटाशी आहे. ब्रेस्टला पाठवायचं तर मलाही पाठवा, पण उन्हाळ्यात पाठवा. हिवाळ्यात मला खोकला होतो."

साहेब टेबलाशी परत गेले आणि टाक दौतीत बुडवला. नाव घालायला ते काही तयार झाले नाहीत. पेरीन त्यावर भांडली, मग थांबली. साहेबांनी लिहून वाचलं. पेरीननं ब्लेझला हाक मारली. गावात वाचता येणारे चार, त्यात तो एक. "ब्लेझ, तू वाच. साहेब वाचतात ते आणि लिहितात ते एकच आहे ना बघ." साहेबांना राग आला असणार, पण ब्लेझनं वाचलं. ती ओळ पेरीनला त्याच क्षणी पाठ झाली आणि पुढं आम्हा सगळ्यांना पाठ झाली, कारण तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. "या भागातील लोक ज्या काठीच्या आधारे ओढे व बांध ओलांडतात, ती काठी हत्यार मानू नये, आणि केवळ तिच्यामुळे ज्यांना शिक्षा झाली त्यांना घरी पाठवावे."

वही शहरात न्यायला दोन माणसं निवडली. त्यात ब्लेझ. पेरीननं त्याला वाटेसाठी खारवलेल्या मांसाचा तुकडा आणि सहा धिरडी बांधून दिली. म्हणाली, "वही कोरडी ठेव. माझी ओळ शेवटची आहे, भिजली तर आधी तीच भिजेल."

ब्लेझ पाचव्या दिवशी परत आला. बूट खांद्यावर, पाय सोललेले. जेवला, मागाशी जाऊन बसला, आणि माग चालवेना. मी दार लावून घेतलं आणि विचारलं.

तो म्हणाला, तिथं शंभरावर गावांच्या वह्या होत्या. त्या सगळ्यांची मिळून एकच वही करायची होती. सहा वकील टेबलाशी बसून वाचत होते. मीठ सगळ्यांच्याच वहीत होतं, ते एकदाच लिहिलं. गिरणी, कबुतरं, तीही एकेकदा. मग आमच्या वहीतली शेवटची ओळ आली. चष्मेवाला वकील मोठ्यानं म्हणाला, "काठ्या? राजाला काठ्यांचं काय सांगता?" आणि हसला. दुसरेही हसले. त्यानं रेघ मारली.

"तू काय केलंस?"

"उठलो मी. म्हटलं, साहेब, आमच्याकडं चिखल असतो. ते म्हणाले, चिखल सगळीकडंच असतो, बसा."

"मग?"

"मग बसलो," ब्लेझ म्हणाला.

आम्ही पेरीनला सांगितलं नाही. आधी वाटलं, ती विचारेल तेव्हा सांगू. तिनं विचारलं एवढंच, "दिलीस ना वही?" ब्लेझ म्हणाला, "दिली." ते खरंच होतं. आणि एकदा न सांगितलेली गोष्ट पुढं रोज थोडी थोडी जड होत जाते, पहिल्या दिवशी उचलली असती तर उचलली गेली असती.

त्या उन्हाळ्यात काय काय झालं. पॅरिसचा किल्ला पडला. दरोडेखोर येतायत म्हणून घंटा वाजल्या, आमचे गडी विळे आणि त्याच काठ्या घेऊन दोन दिवस टेकडीवर बसले, आणि कुणी आलंच नाही. लोकांनी मिठाचा कर देणं बंद केलं. गाड्या जुंपून उघड्यावर पलीकडनं मीठ आणायला लागले, दिवसाढवळ्या, गाणी म्हणत. पेरीनची कुत्री अंगणात झोपून जाड व्हायला लागली. फेराँनं पट्टा विहिरीत टाकला आणि एक दिवस तिच्याच दाराशी येऊन उभा राहिला, काही काम आहे का विचारायला. तिनं त्याला शिव्या दिल्या, मग सूप दिलं, मग छपर शाकारायला लावलं.

आणि कुणी म्हटलं, पेरीन, धंदा बसला की तुझा, तर म्हणायची, "बसू दे. माझी ओळ चाललीय वाटेनं. राजाचं गाव लांब आहे." मी हातातलं सूत खाली बघून कातत राहायची.

नव्वदच्या वसंतात कागद आला. मिठाचा कर गेला, आणि मिठासाठी साखळीला बांधलेले सगळे मोकळे. एकाच कागदानं पेरीनला मुलगा दिला आणि तिचं पोट नेलं. काठीचं त्यात अक्षर नव्हतं. काठी असो नसो, सगळेच सुटले.

मे महिन्यात तुसाँ आला. ब्रेस्टहून पायी. डावा पाय ओढत चालायचा, साखळीच्या वजनाची सवय पायाला राहिली होती. वयानं सव्वीस, बघायला चाळिशीचा. एका बाजूनं हसायचा तेही आता हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पेरीन त्याला घेऊन आमच्याकडं आली. स्वच्छ टोपी घातली होती तिनं, रविवारची. ब्लेझ मागाशी होता. माग थांबला.

"तुसाँ, हा ब्लेझ," ती म्हणाली, जसा काही तो त्याला ओळखतच नव्हता. "यानं आपली ओळ नेली. पायाची साल निघेस्तोवर चालला. त्याचे आभार मान."

तुसाँनं टोपी काढली. "उपकार झाले, ब्लेझदादा."

ब्लेझ उठून उभा राहिला. त्याचा चेहरा मला दिसत होता. चौदा महिने पोटात ठेवलेलं आता बाहेर येणार, हे मला कळलं. तो म्हणाला, "पेरीन मावशी, ती ओळ..." आणि थांबला.

पेरीननं त्याच्याकडं नीट बघितलं. ती काही भोळी नव्हती. नऊ कुत्री आणि तीन शिपाई पंधरा वर्षं हाताळलेली बाई ती. "काय रे?" ती म्हणाली. "तिथं वाचली ना मोठ्यानं?"

"वाचली," ब्लेझ म्हणाला. "मोठ्यानं वाचली."

"सगळ्यांपुढं?"

"सहा वकिलांपुढं."

"कुणी हसलं नाही ना?"

मी चुलीशी होते. हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. ब्लेझनं तुसाँच्या पायाकडं बघितलं, मग पेरीनकडं. माझा नवरा आयुष्यात खोटं बोलला असेल तर एवढं एकदाच.

"नाही," तो म्हणाला. "हसण्यासारखं काय होतं त्यात?"

"तेच तर," पेरीन म्हणाली, आणि लेकाच्या दंडाला धरून त्याला बाकावर बसवलं. "ऐकलंस तुसाँ? नाव नाही घातलं तुझं, त्याचं वाईट वाटतं मला. भांडले मी पुष्कळ." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सूनबाई, चातीला लावायला जवसाचे थोडे तंतू देशील का? उद्यापासून सूत कातणार आहे. बोटं जड आहेत माझी, पहिला महिना गाठीच पडतील, पण विकत घेणारा तुझाच नवरा आहे, तो काय बोलणार."

ब्लेझनं तिच्या गाठींचं सूत पुढं अकरा वर्षं घेतलं, तिच्या मरणापर्यंत. एकदाही नावं ठेवली नाहीत. त्यातून विणलेलं कापड काही चांगलं व्हायचं नाही.